प्रोसेसर घ्यायचा मुहूर्त

सुटे भाग आणून संगणक जुळवून घेणाऱ्या माणसाला गेली तीसेक वर्षं एक सल्ला हमखास मिळत आला आहे: जरा थांब, नवीन येतंय. चिपची नावं बदलली, सल्ला देणाऱ्यांची पिढी बदलली, सल्ला मात्र तोच राहिला. तो खोडून काढणंही सोपं नाही, कारण नवीन खरोखरच येत असतं. गॉर्डन मूर यांनी 1965 साली, म्हणजे इंटेलची स्थापना व्हायच्या तीन वर्षं आधी, चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होत जाईल असा अंदाज मांडला आणि 1975 मध्ये तो दर दोन वर्षांवर आणला. दोन वर्षांत इतकी सुधारणारी वस्तू आजच का घ्यावी, हा प्रश्न त्या आलेखातूनच उभा राहतो. पण घरगुती संगणकाच्या बाजारात पैसे नेमके कोणाचे वाया गेले हे पाहिलं, तर चित्र वेगळं दिसतं. नवा प्रोसेसर येण्याच्या महिनाभर आधी जुना घेतला म्हणून फार थोडे बुडाले. बुडाले ते प्रोसेसर ज्यात बसतो ते सॉकेट, त्यामागचा चिपसेट आणि त्यावर चालणारी मेमरी यांच्या आयुष्याच्या चुकीच्या टोकाला खरेदी केल्यामुळे. सगळ्यांचं लक्ष प्रोसेसरच्या जन्मतारखेकडे होतं; बघायला हवं होतं मदरबोर्डाचं वय.

थांबणाऱ्यांची बाजू सर्वांत भक्कम होती ती नव्वदच्या दशकात, म्हणून सुरुवात तिथूनच करणं न्याय्य. मार्च 1993 मध्ये पहिला पेंटियम आला तेव्हा त्याचा वरचा वेग 66 मेगाहर्ट्झ होता. बरोबर सात वर्षांनी, मार्च 2000 च्या पहिल्या आठवड्यात, एएमडीचा ॲथलॉन आणि त्यापाठोपाठ दोनच दिवसांनी इंटेलचा पेंटियम 3 असे दोघेही 1000 मेगाहर्ट्झवर पोचले. सात वर्षांत पंधरापट. अशा काळात कधी थांबावं, याचा हिशेब ॲरिझोना विद्यापीठातल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये एका छोट्या निबंधात चक्क गणिताने मांडला. सूर गमतीचा, पण गणित खरं. संगणकाचा वेग दर अठरा महिन्यांनी दुप्पट होत असेल, तर मोठं आकडेकाम आज सुरू करण्यापेक्षा काही काळ आराम करून नवा संगणक घेतला तर ते आधी संपू शकतं. हा निबंध आळशीपणाचं समर्थन म्हणून पुष्कळ गाजला. त्यातली दुसरी बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. थांबणं फायद्याचं ठरतं ते आजच्या यंत्रावर अखंड 26 महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कामासाठीच. त्याहून लहान काम असेल तर उत्तर सरळ आहे: आजच सुरू करा. घरी किंवा दुकानात संगणक वापरणाऱ्या कोणाचं काम सलग 26 महिने चालतं? म्हणजे वेग सर्वाधिक झपाट्याने वाढत होता त्या काळातसुद्धा, कामाच्या दृष्टीने, सामान्य गिऱ्हाइकाने थांबण्याला आधार नव्हता.

यावर कोणी म्हणेल, प्रश्न कामाचा नाही, पैशांचा आहे. सहा महिने थांबलं की तीच चिप स्वस्त मिळते. ही हरकत खरी आहे, पण अर्धीच. ऑगस्ट 1998 मध्ये इंटेलने एकाच दिवशी दोन प्रोसेसर बाजारात आणले. 450 मेगाहर्ट्झचा पेंटियम 2, घाऊक किंमत 669 डॉलर. आणि सेलेरॉन 300ए, किंमत 149 डॉलर. त्याआधीचा सेलेरॉन दुय्यम कॅशशिवाय आला होता आणि त्याची यथेच्छ टिंगल झाली होती. 300ए मध्ये 128 किलोबाइट कॅश चिपवरच बसवलेली होती, आणि ती पूर्ण वेगाने चालत होती. पेंटियम 2 ची कॅश चौपट मोठी, पण वेगळ्या चिपांमध्ये आणि निम्म्या वेगाची. सेलेरॉनचा गुणक साडेचारला कुलूपबंद होता: 66 मेगाहर्ट्झची बस गुणिले साडेचार म्हणजे 300. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या 440बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर बस 100 मेगाहर्ट्झला चालवता येत होती. शंभर गुणिले साडेचार म्हणजे 450. फार मोठ्या संख्येने या चिपा त्या वेगाला बिनतक्रार चालत, आणि 149 डॉलरची चिप 669 डॉलरच्या चिपेशी बरोबरी करू लागे. इथे बचत झाली ती थांबल्यामुळे नव्हे. नवा, पुढे वाव असलेला बोर्ड आणि त्यावर स्वस्तातली चिप, या निवडीने ती झाली. ज्याने 1998 मध्ये चांगला बीएक्स बोर्ड घेतला, त्याला पुढे त्याच बोर्डावर पेंटियम 3 बसवायची सोय राहिली. त्याच दिवशी महागडी चिप घेऊन बोर्डात काटकसर करणाऱ्याला ती नव्हती.

उलट टोकाची उदाहरणंही याच काळात सापडतात. पहिला पेंटियम घेणाऱ्यांनी 5 व्होल्टचं सॉकेट 4 घेतलं. वर्षभरात 90 आणि 100 मेगाहर्ट्झचे पेंटियम कमी व्होल्टेजच्या वेगळ्या सॉकेटसाठी आले, आणि पहिल्या लाटेतले बोर्ड तिथेच अडकले. शिवाय त्या सुरुवातीच्या चिपांमध्ये भागाकाराचा तो प्रसिद्ध दोष होता. अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी 1994 मध्ये तो उघडकीला आणला आणि चिपा बदलून देण्यापायी इंटेलला 475 दशलक्ष डॉलरची तरतूद करावी लागली. त्याहून बोलकी गोष्ट पेंटियम 4 ची. नोव्हेंबर 2000 मध्ये तो सॉकेट 423 वर आला, सोबत आरडीरॅम नावाची महाग मेमरी घेऊन. ही मेमरी जोडीनेच बसवावी लागे, आणि बोर्डावरच्या ज्या खाचा रिकाम्या राहत त्यांतही विद्युतमार्ग पुरा करण्यासाठी एक मुकी पट्टी खोचावी लागे. म्हणजे वापरायचं नाही त्या जागेतही काहीतरी भरायचं. ऑगस्ट 2001 मध्ये, नऊ महिन्यांत, सॉकेट 478 आलं. पुढे पेंटियम 4 ने 3 गिगाहर्ट्झ ओलांडले ते त्याच्यावर आणि सॉकेट 423 दोन गिगाहर्ट्झवर थांबलं. आरडीरॅमही लवकरच घरगुती बाजारातून बाद झाली. त्या गिऱ्हाइकाचं नुकसान प्रोसेसर मंद ठरल्यामुळे झालं नाही. बोर्ड आणि मेमरी या दोन्ही गोष्टी एकदमच निरुपयोगी झाल्या, म्हणून झालं. एएमडीच्या भक्तांनी यावर हसायचं कारण नाही. ॲथलॉन 64 सप्टेंबर 2003 मध्ये सॉकेट 754 वर आला, जून 2004 मध्ये सॉकेट 939 आलं आणि मे 2006 मध्ये डीडीआर2 मेमरीचं एएम2. तीन वर्षांच्या आत तीन सॉकेट.

आता थांबणाऱ्यांचा सर्वांत मोठा विजय. 2006 च्या वसंतात ज्याने हात आखडता घेतला, त्याला जुलैच्या अखेरीस कोअर 2 ड्युओ मिळाला. 316 डॉलरचा ई6600 इंटेलच्याच 999 डॉलरच्या पेंटियम एक्स्ट्रीम एडिशनला बहुतेक कामांत मागे टाकत होता. त्या तडाख्याने एएमडीलाही आपल्या किमती खाली आणाव्या लागल्या. म्हणजे कोणत्याही गोटात असलात, तरी तीन महिने थांबल्याचं चीज झालं. मग माझा मुद्दा कोसळतो का? मला तसं वाटत नाही, कारण ते थांबणं आंधळं नव्हतं. वेग वाढवत नेण्याचा जुना रस्ता बंद झाल्याचं दोन वर्षांपासून दिसत होतं: ऑक्टोबर 2004 मध्ये इंटेलने 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 रद्द केला, आणि तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका सभेत गुडघ्यावर बसून त्याबद्दल माफीचा अभिनयही केला. चिपमधले घटक लहान होत जातील तसतशी विजेची आणि उष्णतेची बेरीज आटोक्यात राहील, हे रॉबर्ट डेनार्ड यांनी 1974 मध्ये मांडलेलं सूत्र याच सुमारास निकामी झालं होतं. नवी रचना मार्च 2006 पासून जाहीरपणे दाखवली जात होती. जुनं व्यासपीठ मरणपंथाला लागलेलं आणि नव्याची तारीख ठरलेली, अशी ती वेळ होती. आणि त्यातही एक मेख होती. कोअर 2 ड्युओ ज्या एलजीए 775 सॉकेटमध्ये बसतो, ते 2004 पासून बाजारात होतं. तरीही जुन्या कितीतरी 775 बोर्डांवर तो चाललाच नाही, कारण चिपसेट आणि वीजपुरवठ्याचा परिपथ वेगळा होता. नुसता सॉकेटचा आकडा जुळला म्हणून कामं होत नाहीत, हा धडा पुढे पुन्हा गिरवावा लागला.

त्यानंतरच्या दशकात 'थांब' हा सल्ला साफ तोंडावर आपटला, आणि भारतात तर जरा जोरातच. जानेवारी 2011 मध्ये इंटेलचा आय5-2500के 216 डॉलरला आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एएमडीचा बुलडोझर आला आणि फसला. स्पर्धाच उरली नाही, तेव्हा इंटेलने सहा वर्षं मुख्य घरगुती श्रेणीत चार कोअरच्या पुढे पाऊल टाकलं नाही. 2011 मधल्या आय7-2600के पासून जानेवारी 2017 मधल्या आय7-7700के पर्यंत सगळे चार कोअरचेच. आता हा हिशेब रुपयांत करून पाहू. 2011 च्या आरंभी डॉलर सुमारे 45 रुपयांना होता. 216 डॉलरचे होतात 9,720 रुपये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कोटेशन काढून "दोन वर्षांनी बघू" म्हणत परतलेल्या गिऱ्हाइकासाठी 2013 मध्ये आय5-4670के होता, साधारण 240 डॉलरचा. ऑगस्ट 2013 च्या अखेरीस डॉलर 68 च्या वर गेला होता. म्हणजे कर आणि दुकानदाराचा नफा धरण्याआधीच सोळा हजारांवर. ढोबळमानाने पंधरा-वीस टक्के जास्त वेगासाठी साठ टक्क्यांहून जास्त पैसे. नंतर रुपया थोडा सावरला, पण 45 ला काही परतला नाही. चिपची किंमत कॅलिफोर्नियात ठरते आणि पगार पुण्या-नागपुरात होतो, तेव्हा वाट पाहण्याच्या हिशेबात विनिमयाचा दर धरावाच लागतो. अमेरिकी समीक्षकांचे सल्ले जसेच्या तसे उचलणाऱ्यांच्या हे क्वचितच लक्षात येई.

2500के हे उदाहरण माझ्याच विरुद्ध वापरता येईल, हे मान्य. त्याचं एलजीए 1155 सॉकेट दोन पिढ्यांतच निवृत्त झालं. शिवाय तो ज्या 6 मालिकेच्या चिपसेटवर आला, त्याच्या साटा पोर्टांत दोष निघाला आणि 31 जानेवारी 2011 ला इंटेलला पुरवठा थांबवावा लागला. दुरुस्तीचा अंदाजित खर्च 700 दशलक्ष डॉलर. म्हणजे अल्पायुषी सॉकेट, सदोष पहिली खेप, आणि तरीही दशकातली सर्वांत दीर्घायुषी खरेदी. पण ती टिकली ती प्रतिस्पर्धी झोपल्यामुळे, आणि बुलडोझर फसणार हे जानेवारीत कोणालाच ठाऊक नव्हतं. नशिबाने साधलेली खरेदी नियमाला पुरावा होत नाही. त्यातून फार तर एवढंच घ्यावं की पहिल्या खेपेपासून दोन-तीन महिने दूर राहावं. त्या दोन-तीन महिन्यांत बोर्डांचे दोष बाहेर पडतात.

हा सगळा वाद एकाच वर्षात पाहायचा असेल, तर ते 2017. जानेवारीत 7700के आला, चार कोअरचा, किंमत 340 डॉलरच्या आसपास. 2 मार्चला एएमडीने रायझन आणला. त्यातला 1700 आठ कोअरचा आणि 329 डॉलरचा. ऑक्टोबरमध्ये इंटेलने घाईघाईने सहा कोअरचा 8700के काढला, साधारण 360 डॉलरला. त्याच्या सॉकेटचं नाव तेच, एलजीए 1151. पण 7700के साठी घेतलेल्या झेड270 बोर्डावर तो चालत नव्हता. नवा झेड370 घ्या. म्हणजे 7700के घेणाऱ्याकडे त्याच्या बोर्डावर चालणारी सर्वांत वरची आणि शेवटची चिप होती. पुढे सरकायला जागाच नव्हती. त्या वेळच्या खेळांमध्ये तो रायझन 1700 पेक्षा वेगवान होता, हे खरं, आणि विकत घेताना लोकांनी तेवढंच पाहिलं. रायझन घेणाऱ्याला मात्र एएम4 सॉकेट मिळालं. एप्रिल 2022 मध्ये त्याच सॉकेटसाठी 96 मेगाबाइट कॅशचा 5800एक्स3डी आला, आणि बायोस अद्ययावत करून तो 2017 च्या अनेक बोर्डांवर चालला.

इथे एक रास्त आक्षेप आहे: एएम4 इतकं टिकेल हे 2017 मध्ये कोणाला कळणार होतं? कंपनीने 2020 पर्यंतचा शब्द दिला होता, आणि तोही ती पूर्ण मनाने पाळत नव्हती. मे 2020 मध्ये एएमडीने जाहीर केलं की रायझन 5000 जुन्या बोर्डांवर चालणार नाही. गिऱ्हाइकांनी गिल्ला केल्यावर दोन आठवड्यांत 400 मालिकेपुरती माघार घेतली, आणि 300 मालिकेला परवानगी मिळायला 2022 उजाडलं. कंपन्यांच्या शब्दावर विसंबू नये, यात दुमत नाही. पण मेमरीची पिढी हा जास्त भरवशाचा दाखला आहे, आणि तो कोणा एका कंपनीच्या हातात नसतो. डीडीआर4 घरगुती यंत्रांत 2014-15 मध्ये आली. डीडीआर5 चं मानक जुलै 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. 2017 मध्ये डीडीआर4 घेणाऱ्याला पुढे बराच काळ मोकळा आहे हे सांगता येत होतं. तसंच 2021 च्या हिवाळ्यात डीडीआर5 घेणारा नव्या मेमरीची महागाई आणि टंचाई अंगावर घेतोय, हेही दिसत होतं. योगायोग असा की इंटेलची ती 12वी पिढी विक्रीला आली 4 नोव्हेंबर 2021 रोजी, नेमकी लक्ष्मीपूजनाला. अलीकडच्या वर्षांत बऱ्याच मोठ्या चिपा सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये आल्या आहेत, त्यामुळे आपल्याकडे दसरा-दिवाळीचा मुहूर्त धरणारा गिऱ्हाईक बरोबर पहिल्या खेपेच्या तोंडी सापडतो. गुढीपाडव्यापर्यंत कळ काढली तर चिप तीच, पण बोर्ड सुधारलेले आणि निवडीला वाव जास्त.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. बहुतेक लोक प्रोसेसर कधीच बदलत नाहीत. सात-आठ वर्षांनी अख्खा डबाच बदलतात. मग सॉकेटच्या आयुष्याशी त्यांना काय घेणं? घेणं असं, की न बदलण्याचा निर्णय नेहमीच आपल्या हातात नसतो. बोर्ड जळाला आणि वॉरंटी संपलेली असली, तर संपलेल्या सॉकेटचा नवा बोर्ड मिळत नाही. जुन्या बाजारात हाती येईल तो घ्यावा लागतो. आणि कधी सॉफ्टवेअरच निर्णय लादतं. 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज 11 साठी पात्र प्रोसेसरांची यादी काढली, ती इंटेलच्या 8व्या पिढीपासून आणि मुख्यतः रायझन 2000 पासून. 8700के आत, नऊ महिने थोरला 7700के बाहेर. रायझन 1700 सुद्धा बाहेर. पण त्याच्या मालकाला त्याच बोर्डावर नवी चिप बसवून आत येता येत होतं. झेड270 वाल्याला ती वाट नव्हती. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला, तेव्हा एकाने चिप बदलली होती आणि दुसरा बोर्ड, मेमरी आणि चिप अशा तिन्हींची कोटेशनं मागत होता. आणि मागत होता तीही नेमक्या वाईट वेळी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांकडे मेमरीचं उत्पादन वळल्याने त्या हिवाळ्यात डीडीआर5 च्या किमती काही महिन्यांत दुपटीच्या वर गेल्या, आणि डिसेंबरात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशियल या नावाने चालणारा आपला किरकोळ धंदा आवरायचं जाहीर केलं. नव्या प्रोसेसरवर सवलती होत्या. मेमरीचा आकडा त्या सवलती गिळून वर उरत होता. अशा वेळी जुन्या एएम4 बोर्डात जुनीच डीडीआर4 ठेवून फक्त चिप बदलणं हा अनेकांना सर्वांत स्वस्त मार्ग ठरला. तो मोकळा राहिला होता 2017 ते 2020 च्या दरम्यान घेतलेल्या बोर्डामुळे. त्या वेळी त्यावर कोणती चिप बसवली होती, याने आता फारसा फरक पडत नव्हता.